सोडा शेवटी

भिंगरीला न्यायला तिची आई संध्याकाळी येणार होती, म्हणून मावशीनं सकाळीच रंगाची बादली मागच्या मोरीत काढून ठेवली.

बादली एके काळी पांढरी होती. आता ती आतून कुठल्या रंगाची म्हणायची, ते ज्याचं त्यानं ठरवावं. शनिवार आला की या घरात काहीतरी रंगायचंच. भिंगरीचे बाबा होते तेव्हापासूनची ही रीत. बाबांची बेकरी होती. पहाटे भट्टीवर जायचे, दुपारी परतायचे आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून या दोघींचा उद्योग बघायचे. "हिला कणकेत हात घाल म्हटलं तर अंगावर काटा येतो, आणि इथे बघा, कोपरापर्यंत जांभळी!" असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. भट्टीपाशीच, उभ्या उभ्या.

मावशी म्हणजे भिंगरीच्या बाबांची दुसरी बायको. पहिलीशी, म्हणजे भिंगरीच्या आईशी, त्यांचं पटलं नाही. ती नर्स होती, दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी करायची. तान्ह्या पोरीला सांभाळायला तिच्याकडे कुणी नव्हतं, म्हणून पोर बापाकडे राहिली आणि सुट्टीत आईकडे जात-येत राहिली. मावशी घरात आली तेव्हा भिंगरी नुकती बोलायला लागलेली. हिला हाक काय मारायची यावर मोठी माणसं खल करत बसली, तोवर पोरीनं परस्पर 'मावशी' म्हणून टाकलं. सगळ्यांनीच मग तेच धरलं. आता बाबा नव्हते, आईला दिवसपाळी मिळाली होती, राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिनं पोर मागितली. मागणारच. तिचीच होती. कोर्टानंही हो म्हटलं, आणि मावशीला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

म्हणून तिनं बाबांचे सदरे बाहेर काढले. भट्टीवर घालायचे ते जाड, पांढरे, सुती सदरे. इतक्या वेळा धुतलेले की त्यांत खळीचा मागमूस नव्हता. असल्या कापडावर रंग बसतो तसा दुकानातल्या कोऱ्या कापडावर बसत नाही. चार सदऱ्यांचे तिनं उशीचे दोन अभ्रे शिवले. दोरासुद्धा सुती घेतला, नाहीतर सगळा अभ्रा निळा होतो आणि शिवण तेवढी पांढरी दात काढून बसते. आदल्या दिवशी सोडा-साबणाच्या गरम पाण्यात ते उकळून, खळबळून ठेवले. रंग भिंगरीनं निवडला होता, शाईसारखा निळा.

मावशीची इच्छा एवढीच होती. पोर जाणार ते जाणारच, पण या घरातलं असं काहीतरी तिच्याबरोबर जावं जे धुऊन विटणार नाही. रोज रात्री तिचं डोकं त्यावर टेकावं.

"आमच्या शास्त्रज्ञ बाई सकाळी सकाळी लागल्या कामाला," मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजी म्हणाल्या. आजी म्हणजे मावशीच्या सासूबाई. मावशी गावच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि घरातही मीठ चमच्यानं मोजून घालायची, यावर त्यांचा जुना राग होता. "पोरीला पोटभर जवळ घेऊन बसायचं सोडून ही चमचे मोजतेय."

"आजी, तिला गाठी बांधायच्यात ना. तुम्ही तिला जवळ घ्या तोवर."

"मला नको जवळ घेऊ," भिंगरी ओरडली. ती फरशीवर फतकल मारून अभ्र्यावर जागोजागी खडे ठेवून दोऱ्यानं आवळत होती. तिथे गोल गोल चंद्र उमटणार होते. "आजीचा गाऊन टोचतो. नायलॉनचा आहे."

"बरा आहे माझा गाऊन. तुमचे सगळे रंग करून बघितलेत त्याच्यावर. लागला एक तरी?"

"नायलॉनला नाही लागत. त्याला कशाचंच काही वाटत नाही," भिंगरी म्हणाली. "तुझ्यासारखंच."

"बघ गं, कशी बोलते! दहा वर्षांची नाही अजून!" आजी म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बराच वेळ कुंपणाकडे बघत बसल्या.

मावशीनं नाकाला फडकं बांधलं. पुडीतली पूड वाटीभर पाण्यात कालवली, गुठळी राहू दिली नाही. बादलीत नळाचं गार पाणी, त्यात विरघळवलेलं मीठ, मग रंग. या रंगाला चूल लागत नाही, ताप लागत नाही. एवढंच की शेवटी धुण्याचा सोडा लागतो, आणि तो शेवटीच लागतो. कापड आधी रंगाच्या पाण्यात मुरवायचं, आणि मग सोडा. भिंगरी लहान असताना 'का?' म्हणून मागे लागली होती, तेव्हा मावशीनं तिला सांगितलं होतं, "सोडा पडला की रंगाला घाई सुटते. समोर कापड असलं तर तो कापडाला धरतो. नसलं तर पाण्यालाच धरून बसतो. आणि एकदा धरलं की सोडत नाही."

"मग आपण त्याला सांगायचं, चुकून धरलंस, सोड."

"ऐकत नाही तो."

सोड्याच्या बरणीला मात्र भिंगरीनं हात लावायचा नाही, असा नियम होता. बोटं सोलवटतात. ते काम मावशीचं. गाठी, ढवळणं, धुणं भिंगरीचं.

"झालं का गं?"

"एकच राहिली! तू घाल सोडा, मी आलेच!"

आजवर मावशीनं हा क्रम कधी मोडला नव्हता. पण त्या दिवशी तिचा हातच पुढे धावत होता. डब्यात काय द्यायचं, स्वेटर कुठला, रंग मुरायला वेळ पुरेल का, सगळं एकदम डोक्यात. एक गाठ ती काय, असं म्हणून तिनं सोड्याचं पाणी बादलीत ओतलं आणि लाकडी दांड्यानं ढवळलं. तेवढ्यात पुढची घंटा वाजली.

भिंगरीनं अभ्रा फरशीवरच टाकला आणि धावत गेली. "आई!"

संध्याकाळी येणारी आई आत्ताच दारात उभी होती. रुग्णालयातल्या कुणाची तरी गाडी इकडे येत होती, तिला आणून सोडलं, दुपारी परत नेणार होते. "कळवायचं होतं," ती म्हणाली, "पण पाचच मिनिटांत निघायचं होतं." ती दमलेली दिसत होती. हातात एक मोठी रिकामी पिशवी होती, आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

"ये, बस," आजी म्हणाल्या. "रिकामी पिशवी घेऊन आलीस ते बरं केलंस. भरून न्यायचीच आहे."

मावशीनं चहा टाकला. पाव कापला, लोणी लावलं. मग तीही बसली, आणि भिंगरी येऊन तिच्या गुडघ्याला रेलली, अर्धी मांडीवर, अर्धी खाली, हल्ली उंच झाल्यामुळे बसायची तशी. आईनं विचारायला सुरुवात केली. ती नर्स होती, प्रश्न नेमके विचारायची. ताप आला की किती चढतो? झोपताना दिवा लागतो का? दूध नुसतं पिते की काही घालून? मावशी एकेक सांगत होती. सगळं विचारलं जात होतं याचं तिला बरं वाटत होतं, आणि एकेक उत्तर दिलं की आपल्याकडचं तेवढं कमी होतंय असंही वाटत होतं.

मध्येच तिला मोरीतली बादली आठवली.

आठवली नाही असं तिला पुढे कधी म्हणता आलं नसतं. सोडा पडलेला होता, कापड बाहेर होतं, दिवस उकाड्याचा होता. प्रयोगशाळेत नमुना असा तिष्ठत ठेवला म्हणून तिनं हाताखालच्या मुलींना किती वेळा फैलावर घेतलं होतं. नुसतं उठून जायचं आणि अभ्रे बुडवून यायचं. पण उठायचं म्हणजे गुडघ्याला टेकलेलं ते डोकं बाजूला सारायचं. भिंगरी तिच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. पुन्हा ही अशी केव्हा रेलेल? मावशी बसून राहिली. म्हणाली, "आणि लिमलेटची गोळी मागितली तर देऊ नका. दात किडलाय मागचा."

"मावशी! सांगू नकोस ना सगळं!"

मग कपाट रिकामं झालं, पिशवी भरली, शेजारच्या शिंपीणबाईंनी येऊन गालाला हात लावला, जेवणं झाली. गाडीवाल्याचा फोन आला की निघतोय, आणि तेव्हा कुठे भिंगरी ताडकन उठली. "रंग!"

ती मोरीकडे पळाली. मावशी तिच्या मागून गेली, सावकाश. बादली तशीच होती. निळी, गच्च, वर फेसाचं एक बोटभर वर्तुळ. काही बिघडलंय असं कुणाला वाटलंही नसतं. भिंगरीनं हातमोजे चढवले आणि दोन्ही अभ्रे आत दाबले. पांढरं कापड बघता बघता निळं झालं.

"कसला भारी! मावशी, बघ ना. आई, बघ! बाबांचे सदरे आहेत हे."

आई दारात उभी राहून बघत होती. तिचा हात नकळत चौकटीवर गेला होता. "हो," ती म्हणाली. "ओळखले मी."

मुरायला वेळ नव्हता. भिंगरीलाच उपाय माहीत होता. पिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. "उद्या सकाळी धुवायचं, गाठी सोडायच्या. आई, तू धू, मी पाणी ओतीन. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं बरं का. मग कधीच नाही जात. माझा पिवळा फ्रॉक आहे ना, तो दोन वर्षं झाली तरी पिवळाच आहे."

"बरं, तू सांगशील तसं," आई म्हणाली. भिंगरी तिचा हात धरून तिला चपला दाखवायला पुढे घेऊन गेली.

मोरीत मावशी एकटी राहिली. दर वेळी ती एक चिंधी बादलीत टाकायची, परीक्षेला. आजही अभ्र्यांबरोबर टाकली होती. तिनं ती काढली, नळाखाली धरली. चांगला रंग एवढ्याशा वेळातही निम्मा तरी धरतो. पहिलं पाणी निळं येतंच. दुसरंही येतं. ती चोळत राहिली, निळं येत राहिलं. शेवटी पाणी स्वच्छ झालं तेव्हा हातात जी चिंधी राहिली, तिला निळी म्हणायला जीभ रेटली नसती. शाईचं पेन खिशात फुटून चार वेळा धुतल्यावर डाग राहतो, तसा रंग.

"गेला ना?" मागून आजी म्हणाल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कळलं नव्हतं.

"मेलाय तो. सकाळीच मेला होता."

आजींनी चिंधी हातात घेतली, उलटीसुलटी केली. इतके शनिवार त्या खुर्चीत बसून टोमणे मारत होत्या, पण बघत होत्या सगळं. "म्हणजे उद्या ते दोन्ही असे होणार."

"हो."

"तिच्या आईच्या हातून."

मावशीनं मान हलवली. तेच तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं. परक्या घरातली मोरी, पोर तांब्यानं पाणी ओततेय, आणि बाबांच्या सदऱ्यातला रंग आईच्या हातून वाहून जातोय. 'तू काहीतरी केलंस. मावशीनं केलेला कधी जात नाही.' भिंगरी असंच म्हणणार. असंच म्हणून रडणार.

"मग जाऊ दे की," आजी हलक्या आवाजात म्हणाल्या. "काही बोलू नकोस. कळू दे पोरीला, कुणाच्या हातात काय राहतं आणि काय नाही. आपण थोडंच खोटं बोललो? एखादा अभ्रा गेला तर काही जग बुडत नाही. येईल मग पळत इकडे, नवा करून दे म्हणून."

हे आजी बोलल्या म्हणून मावशीला त्यांचा राग आला नाही. तेच शब्द तिच्याही मनात, थोडे बऱ्या भाषेत, येऊन बसलेले होते. तिला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं ही काही करायची गोष्टसुद्धा नव्हे. पोर पळत येईल. पहिल्या आठवड्यात फोनवर रडेल. तिथे नवीन खोलीत, नवीन उशीवर, आईकडे पाठ करून झोपेल.

पाठ करून झोपेल, इथे मावशीचा विचार अडला. भिंगरी कुणावर रुसून झोपली की रात्रभर दात खायची. हे सकाळी आईला सांगायचं राहून गेलं होतं.

"आजी, तिला पाच मिनिटं पुढे गुंतवून ठेवा."

"कशाला? ऐक माझं. तोंड मिट."

"आजी."

आजींनी चिंधी मोरीत भिरकावली. "कर बाई, काय करायचं ते कर. तुझी तूच वैरीण आहेस," म्हणत त्या पुढे गेल्या, आणि पुढून त्यांचा आवाज आला, "भिंगरे, इकडे ये, मला त्या दातांच्या पावडरीचा डबा दिसत नाहीये. आणि तुझ्या आईला मागे पाठव, मावशी बोलावतेय."

आई आली. मावशीनं मोरीचं दार लोटून घेतलं.

"हा रंग बसलेला नाही," ती म्हणाली. "माझी चूक झाली. सकाळी सोडा आधी घातला आणि कापड वेळेवर टाकलं नाही. उद्या धुवाल तेव्हा सगळा निघून जाईल, आणि तिला वाटेल तुमच्या हातून गेला."

आईनं मोरीत पडलेल्या फिक्या चिंधीकडे पाहिलं. तिलाही हिशेब कळायला वेळ लागला नाही. रुग्णालयात काम केलेलं माणूस. "मग?"

"मग ती उठायच्या आधी तुम्ही धुऊन टाका. गाठी तशाच राहू द्या, त्या तिनं बांधल्यात. आणि पुन्हा रंगवा. मी पूड देते. ओले असले तरी चालतात."

"मला नाही येत हे."

"मी सांगते. हात पुढे करा."

तिनं आईला हातमोजे दिले. पूड कशी कालवायची, नाकाला फडकं का, मीठ किती, ते दाखवलं. आईचे हात सराईत होते, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. मावशीच्या मनात आलं, ही चांगली शिकेल. आणि तसं वाटल्याचं तिला फार लागलं. मग तिनं फळीवरची सोड्याची बरणी काढली.

"हा शेवटी. कापड आत मुरलं की मग. आधी नाही, काही झालं तरी नाही. फोन येवो, दारात कुणी येवो. आणि याला तिला हात लावू द्यायचा नाही."

"तुमच्याकडे राहील ना थोडा?"

"मला आता कशाला लागतोय."

आईनं बरणी घेतली, पण पिशवीत टाकली नाही. दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "तुम्ही हे न सांगताही चाललं असतं," ती म्हणाली. "मी तुमच्या जागी असते तर... मला नाही माहीत मी सांगितलं असतं की नाही."

"ती रुसून झोपली की दात खाते," मावशी म्हणाली. "सकाळी सांगायचं राहिलं. उठवू नका, नुसतं हनुवटीला बोट लावायचं."

आईनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते. मावशीचे कोरडे होते. ते तसेच राहावेत म्हणून तिनं नळ सोडला आणि हात धुवायला घेतले.

गाडी आली. भिंगरी रडली नाही, कारण तिला खिडकीची जागा मिळाली होती आणि मांडीवर ओल्या अभ्र्यांची पिशवी होती. ती वरून हात दाबून बघत होती. "पुढच्या शनिवारी फोन करीन," ती म्हणाली. "उद्याच करते. रंग सांगते कसा आला ते." आजींनी खिडकीतून हात घालून तिचे केस उगाच विस्कटले. गाडी वळली. शिंपीणबाई म्हणाल्या, "रमेल हो," आणि आपल्या दारात गेल्या.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. सकाळपासून मावशी त्याच्या आसपासच वावरत होती. कपाट पुसलं, मग पुसलेलं कपाट पुन्हा पुसलं.

"मावशी! अगं, काय झालं माहितेय?" भिंगरीचा श्वास पुरत नव्हता. "मी उठले तर आई मोरीत बसलेली, आणि कोपरापर्यंत निळी! हातमोज्यात पाणी गेलं तिच्या! कान पण निळा, खाजवला ना तिनं! मी इतकी हसले, इतकी हसले, मला उचकी लागली. मग तिनं सांगितलं, तुझा रंग गेला होता म्हणून. तू आधी सोडा घातलास? तू?"

"घातला खरा."

"तू पण ना! मग आम्ही दोघींनी केला परत. मी ढवळलं. आणि आता धुतला, एक थेंब नाही गेला. चंद्र असे गोल आलेत! आणि मावशी, खोटं नाही सांगत, तू करतेस त्याच्यापेक्षा गडद आलाय."

"हो का?"

"हो! आईचा हात लागलाय ना. ती म्हणते पुढच्या शनिवारी हिरवा आणू. थांब, बोलावतेय ती. ठेवते हं! आजीला सांग!"

मावशी फोन कानाशी धरून उभी राहिली. पलीकडे काही नव्हतं, तरी.

आजी आतून भिंत धरून लगबगीनं आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. मला बोलू दे."

"ठेवला तिनं."

"माझ्याशी न बोलता?" आजींचा हात तसाच पुढे राहिला. "रडत होती का?"

"नाही," मावशी म्हणाली. तिनं फोन खाली ठेवला. "हसत होती. दोघीही हसत होत्या."